पार्सलच्या पिशवीतला फो कुठून आला?

व्हिएतनामी हॉटेलातून पहिल्यांदा फो पार्सल आणलेला माणूस पिशवी उघडल्यावर थोडा गोंधळतो. रस्सा एका डब्यात, तांदळाच्या शेवया दुसऱ्या डब्यात आणि त्यांच्यावर गोमांसाचे कागदासारखे पातळ, कच्चे काप. एका लहान पिशवीत मोड आलेले मूग, जांभळ्या देठाची तुळशीच्या जातीची पानं, लिंबाची फोड, मिरचीच्या चकत्या. शिवाय दोन इवल्या डब्यांत सॉस. जुळणी घरी करायची. रस्सा खळखळून उकळायचा आणि शेवयांवर ओतायचा, त्या वाफेतच मांसाचा रंग पालटतो.

फो हॉटेलात बसूनच खावा, पार्सल ही तडजोड, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण हा पदार्थ मुळात फिरता आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोई आणि नाम दिन्ह भागात फोचे फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन गल्लीबोळ हिंडत. कावडीच्या एका टोकाला निखाऱ्यांवर रश्श्याचं भांडं, दुसऱ्या टोकाला शेवया, वाडगे आणि मसाले. म्हणजे रस्सा आणि शेवया तेव्हाही वेगळ्याच ठेवलेल्या, गिऱ्हाईक समोर आलं की एकत्र यायच्या.

या रश्श्यात गोमांस आलं त्यामागे फ्रेंच राजवट आहे. व्हिएतनाममध्ये गुरं मुख्यतः शेतीच्या कामाची. फ्रेंचांना मात्र जेवणात गोमांस हवं होतं. त्यांच्यासाठी गुरं कापली जाऊ लागली तशी हाडं आणि उरलेले तुकडे स्वस्तात मिळू लागले आणि ती हाडं तासन् तास उकळून रस्सा होऊ लागला. ‘फो’ हा शब्द ‘पो-तो-फ’ या मांस-भाज्यांच्या फ्रेंच रश्श्यावरून आला की शेवयांसाठीच्या चिनी शब्दावरून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आलं आणि कांदा थेट जाळावर काळे पडेपर्यंत भाजून रश्श्यात टाकतात. डब्याचं झाकण काढल्याबरोबर जो गोडसर, धुरकट वास येतो तो त्या भाजलेल्या कांद्याचा आणि चक्रीफुलाचा.

पाल्याच्या त्या लहान पिशवीचं मूळ १९५४ सालात आहे. फ्रेंचांशी झालेली लढाई थांबवणाऱ्या जिनिव्हा करारानं देश उत्तर आणि दक्षिण असा तात्पुरता दुभागला आणि सुमारे ८ ते १० लाख माणसं उत्तरेतून दक्षिणेत गेली. त्यांच्यामुळे फो दक्षिणेची राजधानी सायगावात (आजचं हो चि मिन्ह शहर) चांगलाच रुजला. उत्तरेतला फो साधा, रश्श्याच्या चवीवर उभा असलेला. दक्षिणेत भाजीपाला मुबलक, म्हणून तिथे मोड, पानं, लिंबू, होईसिन हा गोडसर दाट सॉस असं सगळं सोबत आलं. परदेशातल्या बहुतेक व्हिएतनामी हॉटेलांत मिळतो तो हा दक्षिणी थाट.

‘बान्ह मी’ या भरलेल्या पावाची हकीकतही याच स्थलांतराशी जोडलेली. फ्रेंच पद्धतीत पाव, लोणी आणि थंड मांस ताटलीत वेगवेगळं वाढत. १९५८ मध्ये उत्तरेतून आलेल्या एका जोडप्यानं सायगावात ‘होआ मा’ नावाचं दुकान काढलं. कामावर जाणाऱ्यांना बसून खायला वेळ नसे, म्हणून ते सगळं पावाच्या पोटातच भरून हातात देऊ लागले.

३० एप्रिल १९७५ ला सायगाव उत्तरेच्या साम्यवादी फौजांच्या हाती पडलं. त्या वर्षी सुमारे सव्वा लाख निर्वासित अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियातलं कॅम्प पेंडल्टन, आर्कान्सातलं फोर्ट चॅफी अशा लष्करी तळांवर त्यांना आधी ठेवलं आणि मग मुद्दाम वेगवेगळ्या राज्यांत विखरून वसवलं. एकाच गावावर भार पडू नये हा हेतू. पुढे बरेच जण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत एकत्र जमले आणि ‘लिटल सायगाव’ उभं राहिलं. पण जे विखुरले तिथेच राहिले, त्यांच्यामुळे दूरदूरच्या गावांतही एखादं फोचं हॉटेल दिसतं. त्यानंतरच्या दोन दशकांत जवळपास ८ लाख माणसं नावांतून समुद्र ओलांडून आसपासच्या देशांत पोचली. वाटेत किती बुडाली याची नोंद कुणाकडेच नाही. पार्सल घेताना हे आठवलं की माझा हात क्षणभर थांबतो.

याच लाटेत डेव्हिड ट्रान १९७८ च्या अखेरीस ‘हुई फाँग’ या मालवाहू जहाजातून निघाले. व्हिएतनाममध्ये ते मिरचीचा सॉस करून बाळांच्या खाद्याच्या धुतलेल्या बाटल्यांत भरत. १९८० मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये कंपनी काढली आणि तिला त्या जहाजाचं नाव दिलं. कोंबड्याच्या चित्राची लाल श्रीराचा बाटली ती हीच. फो खाणाऱ्यांसाठी केलेला हा सॉस सुरुवातीला ते निळ्या व्हॅनमधून स्वतः हॉटेलोहॉटेली पोचवत.

व्हिएतनाममध्ये पार्सलला ‘मांग वे’ म्हणतात, म्हणजे घरी घेऊन जाणं. प्लॅस्टिकच्या पिशव्या येण्याआधी लोक त्यासाठी घरून ॲल्युमिनियमचा कप्प्यांचा डबा न्यायचे. त्या डब्याचं नाव ‘गा मेन’, फ्रेंच ‘गामेल’वरून आलेलं.