चेहऱ्यावरची चामखीळ आणि लोंबता मस

लग्नसराई जवळ आली की इंदूरच्या रामबाग-लोकमान्यनगर भागातल्या मराठी घरांतून चेहरा नितळ करून घेण्याची घाई सुरू होते, आणि त्या घाईत दोन अगदी निराळ्या गोष्टींवर सर्रास एकच उपाय केला जातो. त्यांतली एक म्हणजे खरी चामखीळ, जी एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गाने येते; दुसरा म्हणजे बारीक देठावर लोंबणारा मऊ मस, ज्याला डॉक्टर स्किन टॅग म्हणतात आणि जो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

चेहऱ्यावर चामखीळ बहुधा दोन रूपांत दिसते. चपट्या चामखिळी 1 ते 5 मिलिमीटरच्या, त्वचेच्याच रंगाच्या किंवा फिकट तपकिरी असतात आणि कपाळ, गाल किंवा दाढीच्या भागात पुंजक्याने उठतात. दाढी करणाऱ्यांच्या गालावर त्या कधी कधी एका सरळ रेषेत ओळीने आलेल्या दिसतात, कारण वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांतून विषाणू पुढे पुढे पेरला जातो. दुसरे रूप ओठ, नाकपुडी आणि पापण्यांजवळचे, निमुळत्या काट्यासारखे असते आणि खरी फसगत तिथेच होते, कारण तेही मसासारखेच बाहेर आलेले असते. मात्र त्याचे टोक बोटाला खरखरीत व टणक लागते, तर मस बोटांच्या चिमटीत मऊ लागतो आणि इकडेतिकडे हलतो. मस बहुधा मध्यम वयात, मान, काख आणि पापण्या अशा घर्षणाच्या किंवा घडीच्या जागी येतात. चपट्या चामखिळी मुलांत आणि तरुणांत अधिक.

घोड्याचा केस बांधण्याचा जुना उपाय बारीक देठाच्या मसावर कधी कधी लागू पडतो, कारण रक्तपुरवठा तुटून मस सुकतो. पण जंतुसंसर्गाची भीती असतेच. चामखिळीवर तोच प्रयोग केल्यास विषाणू आजूबाजूच्या त्वचेत राहतो आणि ती पुन्हा उगवते. चुना-सोड्याचा लेप किंवा बिब्बा मात्र दोन्हींवर वर्ज्य समजावा. त्यांनी त्वचा भाजते आणि कायमचा डाग राहतो. तळपायाच्या चामखिळीसाठी मिळणारे सॅलिसिलिक आम्लाचे औषधही चेहऱ्यावर स्वतःच्या मनाने लावू नये.

चामखिळीवर उपचार करताना डॉक्टर जागा आणि वय पाहतात. चपट्या चामखिळींवर रात्री लावायचे ट्रेटिनॉइन मलम दिले जाते, ज्याने त्वचा थोडी सोलवटते आणि परिणामाला आठवडे लागतात; गरोदरपणात ते टाळतात. काट्यासारखी चामखीळ जागा बधिर करून विजेच्या उपकरणाने जाळतात किंवा खरवडून काढतात. द्रव नायट्रोजनने गोठवण्याची पद्धतही आहे, पण आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर त्याने पांढरा किंवा काळा डाग उरू शकतो, म्हणून चेहऱ्यावर ती हात राखूनच वापरलेली बरी. लहान मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात, तेव्हा तिथे थांबणे हाही उपचारच आहे. एचपीव्ही हे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही: चपट्या चामखिळी मुख्यतः 3 आणि 10 या प्रकारांमुळे होतात, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी प्रामुख्याने जोडलेले 16 आणि 18 हे प्रकार वेगळे आहेत. उपचार चालू असेपर्यंत टॉवेल आणि रेझर वेगळे ठेवावेत, आणि न्हाव्याकडे गेल्यास नवे ब्लेड लावायला सांगून चामखिळीवरून ते फिरवू देऊ नये.

मस काढणे सोपे असते. डॉक्टर तो कात्रीने कापतात किंवा जाळतात आणि बहुधा त्याच बैठकीत काम उरकते. पापणीवरचा असेल तर हे काम पार्लरमध्ये करवू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मानेवर मसांची दाटी असेल आणि तिथली कातडी काळवंडून मखमलीसारखी जाड झाली असेल, तर ती मळ समजून घासत बसू नये. ती मधुमेहाकडे झुकल्याची खूण असू शकते, म्हणून रक्तातली साखर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्यावे.