ओहोटीची रांगोळी आणि शेवट ठाऊक असलेली गोष्ट

गुहागरला ओहोटीचं पाणी मागे सरलं की ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची रांगोळी पडलेली दिसते. मधोमध पेन्सिल जाईल एवढं बीळ, त्याच्या भोवती गोळ्यांच्या रेघा. ही सगळी कमाई नखाएवढ्या एका खेकड्याची. तो नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतो, कणांना चिकटलेलं शेवाळ आणि जिवाणू काढून खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. जरा पुढे सरकतो, पुन्हा तेच. आपली सावली पडली की बिळात पसार. न हलता उभं राहिलं तर थोड्या वेळाने हळूच बाहेर.

आईच्या आजारपणात दोन महिने इस्पितळात काढून मी मावशीकडे गेले, तेव्हा पहिले तीन दिवस एवढंच बघत बसले होते. डोकं इतकं शिणलेलं, की दुकानात गेल्यावर मीठ आणायचं होतं की साखर तेही आठवायचं नाही. चौथ्या दिवशी लक्षात आलं, तासभर मोबाइलला हात लावलेला नाही.

याचा उलगडा रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने केला आहे. मिशिगन विद्यापीठातल्या या दोघांनी १९८९ साली आपली मांडणी पुस्तकरूपात आणली. त्यांच्या मते एक लक्ष आपण ताणून लावतो. औषधांच्या वेळा, बिलं, डॉक्टर भरभर सांगतात ते. त्यासाठी मेंदूला बाकीचं सगळं दाबून धरावं लागतं आणि दमवतं ते हे दाबून धरणंच. दुसरं लक्ष आपसूक जातं. पण टीव्हीवरची भांडणंही लक्ष ओढून घेतातच की! फरक असा, की ती माणसाला पुरतं गिळतात. खेकडा, लाट, सुरूच्या बनातली सळसळ मनाला हलकेच धरून ठेवतात आणि आपल्या विचारांना जागाही ठेवतात. तेवढ्या वेळात ताणलेलं लक्ष विसावतं.

लाटेचा आवाजच घ्या. फुटणारी लाट हवा पाण्यात कोंडते, तिचे असंख्य बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुडा इवल्या घंटेसारखा थरथरतो. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली त्याचं गणित मांडलं. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला साधारण ३ हजार वेळा थरथरतो, मोठा असेल तर त्याहून संथ. लहानमोठ्या बुडबुड्यांचे सगळे सूर एकत्र आले की ती आपली ओळखीची गाज होते. मला हे कळल्यापासून गाज ऐकताना जास्तच जवळची वाटते.

निसर्ग नुसता दिसला तरी फरक पडतो, याचा गाजलेला पुरावा रॉजर उलरिक यांचा आहे. अमेरिकेतल्या एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकांचे जोरदार डोसही कमी लागले. हा अभ्यास १९८४ सालचा. समुद्राबद्दल सांगायचं तर, इंग्लंडच्या २००१ च्या जनगणनेत किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी आपली तब्येत जरा जास्त चांगली असल्याचं सांगितलं, आणि हा फरक गरीब वस्त्यांत अधिक दिसला. फरक लहानच आहे आणि त्यावरून औषधं सोडून किनाऱ्यावर बसावं असा अर्थ कुणी काढू नये.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पहाटे होडी घेऊन जाणाऱ्याला हाच समुद्र विसावा देत नाही. त्याच्यासाठी ते डिझेल, जाळं आणि वाऱ्याची धास्ती आहे. कॅप्लन यांनीही रोजच्या व्यापापासून सुटका ही विसाव्याची एक अट मानली होती. त्याची सुटका दुसरीकडेच असणार, कदाचित एखाद्या गोष्टीत.

गोष्टीत कशी, ते मावशीकडे पाहून कळतं. दुपारी ओटीवर बसून ती तीच ती रहस्यकथा वाचते. पुठ्ठा सुटलेला, पानं दमट हवेने पिवळी पडलेली.

“मावशी, चोर कोण ते तुला ठाऊक आहे ना?”

“अगो, ठाऊक आहे म्हणून तर वाचत्ये.”

अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या संशोधक जे डेरिक यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच आहे. मनावर ताबा ठेवावा लागेल असं काम आधी देऊन लोकांना दमवलं. मग काहींना आपल्या आवडत्या मालिकेबद्दल लिहायला सांगितलं, तर काहींना नुसती खोलीतल्या वस्तूंची यादी करायला. पहिल्या गटाचा मनावरचा ताबा बराचसा परत आला. रोजनिशी लिहून घेतली तेव्हा दिसलं, की दमलेली माणसं ओळखीच्या कथेकडेच वळतात, आणि टीव्हीवर लागेल ते बघण्याने हा लाभ होत नाही. ओळखीच्या पात्रांमध्ये सोबत मिळते, पण त्यांची मनं सांभाळावी लागत नाहीत. १२ लघुकथांच्या एका प्रयोगात तर शेवट आधी सांगितलेल्यांना गोष्ट अधिक आवडली होती. नंतर काही प्रयोगांत उलटं दिसलं, तेव्हा ते जपूनच घ्यावं.

याला पळवाट म्हणून हिणवणाऱ्यांचा मला राग येतो. आशेवर आयुष्यभर काम केलेले सी. आर. स्नायडर सांगत, की आशेला दोन गोष्टी लागतात, वाट दिसणं आणि त्या वाटेने जाण्याची उमेद. आता वाट शोधायची तर ताणून लावायचं लक्षच हवं, आणि माणूस दमला की आधी तेच संपतं. कॅप्लन आणि स्नायडर यांची ही सांगड माझी आहे, पण ती मी अनुभवली आहे.

दहाव्या दिवशी संध्याकाळी भरती चढत होती. भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते, त्यामुळे मला तिची वेळ आता पाठ झाली होती. पाणी आलं आणि रांगोळी पुसून गेलं. ओटीवर येऊन मी वाचनालयाच्या पावतीच्या मागे लिहिलं: फिजिओथेरपिस्टला फोन. न्हाणीघरात धरायला दांडी. रात्री सोबतीला कुणीतरी. दोन महिन्यांत ह्या तीन ओळी मला सुचल्या नव्हत्या. मावशीने चष्म्यावरून पाहिलं, पान दुमडलं आणि दांडी कुठल्या सुताराकडून बसवून घ्यायची ते सांगू लागली.