सुल्झर परिसर, विंटरथुर

स्वित्झर्लंडच्या झुरिक कँटनमधील (प्रांतातील) विंटरथुर शहराच्या रेल्वे स्थानकालगत असलेली जुनी कारखान्यांची वसाहत. क्षेत्रफळ सुमारे 22 हेक्टर. यंत्रनिर्मिती थांबल्यावर येथे घरे, महाविद्यालय, कार्यशाळा आणि दुकाने आली. जुन्या शेड न पाडता त्यांत नवा वापर रुजवणे आणि पाडकामातून निघालेले साहित्य पुन्हा बांधकामात लावणे, या दोन गोष्टींमुळे नगररचना व वास्तुकलेच्या अभ्यासकांत हे ठिकाण ओळखले जाते.

योहान याकोब आणि सालोमोन या सुल्झर बंधूंनी 1834 मध्ये येथे ओतशाळा काढली. पुढे तिचा मोठा यंत्रकारखाना झाला. रुडॉल्फ डिझेल 1879 मध्ये येथे उमेदवारी करत होता आणि 1898 मध्ये याच कारखान्याने आपले पहिले डिझेल इंजिन बनवले. शेजारी 1871 पासून रेल्वे इंजिनांचा स्वतंत्र कारखाना होता, तो 1961 मध्ये सुल्झरकडे आला. नीलगिरीच्या डोंगरी रेल्वेची दातेरी रुळांवर चालणारी जुनी इंजिने या इंजिन कारखान्यातली. बोरघाटात एके काळी मालगाड्या ओढणारी, ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी विजेची इंजिनेही मुळात याच कारखान्याची: 1928 पासून भारतात आलेल्या अशा 41 इंजिनांपैकी 10 विंटरथुरला बांधली गेली, उरलेली इंग्लंडमध्ये. या जातीचे एक इंजिन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभे आहे. इचलकरंजीत तर ‘सुल्झर’ हे कंपनीचे नाव न राहता मागाचाच एक प्रकार झाला. तेथील यंत्रमागधारकांनी युरोपातून उतरलेले जुने सुल्झर माग आणून पुन्हा चालवले. पुनर्वापराचा हा धडा कोणत्याही वास्तुविशारदाच्या आधी त्यांनी गिरवला होता.

1980 च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने शहराच्या मध्यातून उत्पादन हलवण्याचे ठरवले. 1989 मध्ये पुढे आलेल्या योजनेत जवळजवळ सर्व शेड जमीनदोस्त करून नवे उपनगर वसवायचे होते. शहरातून विरोध झाला आणि वास्तुविशारदांनी व नागरिकांनी जाहीर चर्चा घडवल्या. मग स्पर्धा घेण्यात आली. 1992 मध्ये ती फ्रेंच वास्तुविशारद जाँ नुवेल आणि इमॅन्युएल कात्तानी यांनी जिंकली. त्यांच्या प्रकल्पात बऱ्याच जुन्या वास्तू राखायच्या होत्या, पण पैसा गुंतवायला कोणी पुढे आले नाही आणि 2001 मध्ये तोही सोडून द्यावा लागला.

परिसराचे खरे भाग्य या दोन फसलेल्या योजनांतच आहे, असे म्हणायला हरकत नाही. मोठे काही घडत नव्हते, तोवर रिकाम्या शेड तात्पुरत्या भाड्याने दिल्या गेल्या. सुतार, छपाईवाले, चित्रकार आणि सायकल दुरुस्त करणारे आत शिरले. बॉयलर घडवण्याच्या शेडमध्ये वास्तुकला महाविद्यालय सुरू झाले. तेथे विद्यार्थी आजही क्रेनच्या गर्डरखाली बसून आराखडे काढतात. तात्पुरते म्हणून आलेले हे भाडेकरू दहा-पंधरा वर्षे राहिले, आणि तेवढ्यात शहराला या इमारतींची सवय झाली.

परिसराच्या पश्चिमेकडचा लागरप्लाट्झ हा सुमारे 4.6 हेक्टरचा भाग या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. विक्रीची चाहूल लागताच येथील भाडेकरूंनी संघटना केली आणि आपल्याला हवा तसा खरेदीदार स्वतःच शोधायला घेतला. बाझेल येथील अबेंडरोट या पेन्शन फंडाने 2009 मध्ये ही जागा विकत घेतली. 1984 मध्ये अणुवीजविरोधी चळवळीतून जन्मलेल्या या फंडाला झटपट नफ्याची घाई नव्हती. बहुतेक भाडेकरू राहिले आणि इमारती एकेक करून, गरज पडेल तशा दुरुस्त होत गेल्या.

येथेच ‘के 118’ ही इमारत आहे. 118 क्रमांकाच्या जुन्या शेडच्या टोकाशी असलेल्या भागावर तीन मजले चढवून ती 2021 मध्ये पूर्ण झाली. बाझेलच्या ‘बाउब्युरो इन सितू’ या संस्थेने तिची रचना केली. एरवी वास्तुविशारद आधी आराखडा काढतो, मग साहित्याची मागणी नोंदवली जाते. येथे हा क्रम उलटा झाला. कोणती इमारत कधी पडणार याचा माग काढत माणसे आसपासच्या शहरांत फिरली. त्यांना ‘सुट्या भागांचे शिकारी’ असेच म्हटले जाते. लोखंडी सांगाड्याच्या तुळया बाझेलमधल्या एका पाडल्या जाणाऱ्या वितरण केंद्रातून आल्या, तर दर्शनी भागावरचे लालसर पत्रे विंटरथुरमधल्याच एका छापखान्याचे होते. ग्रॅनाइटच्या फरशा आणि बाहेरचा लोखंडी जिना झुरिकमधल्या एका कार्यालयीन इमारतीतून काढून आणले.

जिना मिळाल्यावर मजल्यांची उंची आपोआप ठरली, कारण त्याच्या पायऱ्या आणि टप्पे बदलता येणार नव्हते. खिडक्या वेगवेगळ्या मापांच्या होत्या, म्हणून भिंतींतली भोके त्यांच्या मापाने ठेवली गेली. तुळयांच्या लांबीने खोल्यांची रुंदी बांधून दिली. अंथरूण पाहून पाय पसरायचे हा शिरस्ता वास्तुकलेत इतक्या काटेकोरपणे क्वचितच पाळला गेला असेल. भिंतींच्या लाकडी चौकटींत उष्णतारोधक म्हणून पेंढा भरला आणि आतून मातीचा गिलावा केला. सगळे नवे साहित्य वापरून बांधले असते तर झाले असते त्या मानाने या बांधकामात हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे 60 टक्के कमी झाले. खर्च मात्र नव्या बांधकामाएवढाच आला: साहित्यावर वाचले ते मजुरीत गेले. भाग शोधणे, जपून उतरवणे, साठवणे आणि तपासून घेणे, या कामांना माणसे लागतात आणि स्वित्झर्लंडमध्ये ती महाग आहेत. जुन्या तुळईची हमी कोणी द्यायची, ती किती भार पेलेल हे कोणी सांगायचे, असे प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवावे लागतात.

संपूर्ण परिसर मात्र असा नाही. इतर भागांत नव्या निवासी इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि काही शेडचा केवळ दर्शनी भाग उरला आहे. एक शेड तर गाड्या ठेवायला वापरली गेली.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे गिरणगाव आठवणे साहजिक आहे. मुंबईच्या गिरण्यांची जमीन सुमारे 600 एकर होती. 1991 च्या नियमानुसार ती महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात साधारण तीन वाट्यांत विभागायची होती. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि इमारतींखालची जमीन हिशेबातून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. त्यामुळे गिरणीच्या इमारतीची किंमत तिच्या खालच्या जमिनीइतकीच राहिली. तिच्यातल्या सागवानी तुळया, बीडाचे खांब आणि विटा भंगारवाल्यांच्या आणि जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या हिशेबात गेल्या. वाडा मोडला की त्याचे खांब, दारे आणि तुळया दुसऱ्या घरात लागतात हा आपल्याकडचा जुना व्यवहार. विंटरथुरला हेच काम आराखड्याच्या टेबलावर आणले गेले, मुंबईत ते पाडकामाच्या ठेकेदाराकडेच राहिले. काही आवारांत चिमणी तेवढी राखली आहे.