डर्ट बाईकचा न्यूट्रल स्विच

न्यूट्रल स्विच म्हणजे गिअरबॉक्सवर बसवलेला एक छोटासा पार्ट, गाडी न्यूट्रलला आहे का गिअरमध्ये एवढंच तो सांगतो. मीटरवरचा हिरवा दिवा ह्याच्यामुळंच लागतो म्हणून लई जणांना वाटतं की स्विच फक्त दिव्यासाठी असतो, पण खरं तर दिवा हे त्याचं सगळ्यात किरकोळ काम.

पायानं गिअर टाकला की आत गिअर ड्रम, म्हणजे गिअर बदलणारा दंडगोल, फिरतो. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या जागेवर ड्रम आला की त्याच्या टोकाचा कॉन्टॅक्ट स्विचला टेकतो आणि वायरला इंजिनच्या बॉडीतून अर्थ, म्हणजे करंटला परतीची वाट, मिळतो, बास. बऱ्याच गाड्यांना वायर एकच असते.

खरा उपयोग सेल्फला. सेल्फच्या रिलेला (बटण दाबल्यावर सेल्फच्या मोटरला करंट सोडणारा पार्ट) अर्थ एकतर न्यूट्रल स्विचमधून मिळतो नाहीतर क्लच दाबल्यावर क्लच स्विचमधून, म्हणजे गिअरमध्ये असताना चुकून बटण दाबलं तर गाडी उडी मारून समोरच्या भिंतीला जात नाही. ह्या दोन स्विचच्या मध्ये एक डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा पार्ट) असतो, तो शॉर्ट झाला की क्लच दाबल्यावर पण न्यूट्रलचा दिवा लागतो आणि माणूस उगाच गिअरबॉक्स उघडायला निघतो! साईड स्टँडला स्विच असलेल्या गाडीत अजून एक काम, स्टँड खाली असताना न्यूट्रलला इंजिन चालू राहू द्यायचं आणि गिअर टाकला की बंद पाडायचं.

निव्वळ रेसिंगच्या, किकवाल्या मोटोक्रॉस गाड्यांना दिवा नसतोच, कित्येकांना हा स्विच पण नसतो. फ्युएल इंजेक्शनच्या काही गाड्यांत मात्र ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्याच्या सिग्नलवरून इग्निशनचा मॅप, म्हणजे स्पार्क कधी द्यायचा ते, बदलतो.

स्विच बहुतेक डाव्या बाजूला, पुढच्या चेन स्प्रॉकेटच्या कव्हरमागं असतो आणि चिखल साठायची जागा पण नेमकी तीच. पावसाळ्यात गगनबावडा, पन्हाळ्याकडनं फिरून आलं की ती तांबडी माती तिथं जाऊन बसते, वरनं वॉशिंगला प्रेशरनं पाणी मारलं की कनेक्टर गंजतो, मग गाडी न्यूट्रलला असून सेल्फ घेत नाही पण क्लच दाबला की लगेच घेते. असं झालं तर बॅटरी बदलू नका, आधी इथं बघा. स्विचचं ऑइल सील गेलं तर तिथनंच ऑइल पण गळतं.

काहीजण वायर कायमची अर्थला जोडून टाकतात. चालतं, पण मग गिअरमध्ये पण सेल्फ लागतो, त्यामुळं हा जुगाड मला तरी पटत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही मिस्त्रीला विचारा, टेस्ट सोपीच आहे. चावी ऑन करायची, स्विचवरची वायर काढायची आणि इंजिनला टेकवायची. दिवा लागला तर स्विच किंवा त्याचा कॉन्टॅक्ट गेलाय, नाही लागला तर वायर नाहीतर बल्ब बघायचा, आणि वायर मोकळी असताना पण दिवा पेटलेलाच असेल तर ती कुठंतरी फ्रेमला घासून सोललेली असते, बहुतेक टाकीखाली नाहीतर स्प्रॉकेटजवळ.