यादवी युद्धातील स्त्रियांचे मदतकार्य

सैनिकांसाठी कपडे, मलमपट्टीचे साहित्य व अन्न गोळा करणे, ते छावणीपर्यंत पोचवणे आणि जखमींची शुश्रूषा करणे ही कामे उत्तर व दक्षिणेकडच्या राज्यांत पेटलेल्या अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) तिथल्या सामान्य स्त्रियांनी स्वेच्छेने, बहुतांशी बिनपगारी केली. उत्तर व दक्षिण मिळून हे काम करणाऱ्या स्त्रियांच्या सुमारे २०,००० मंडळ्या असाव्यात, असा अंदाज आहे. युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले आणि त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश गोळीने नव्हे, तर हगवण, विषमज्वर अशा रोगांनी. म्हणूनच स्वच्छ सदरा, धुतलेली चादर आणि ताजी भाजी यांचे मोल तिथे दारूगोळ्याइतके ठरले.

या कामामागची ऊर्मी कोल्हापूरकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत जातात. सुट्टी संपवून निघालेल्या जवानाच्या ट्रंकेत आई-बायको शेंगदाण्याची चटणी, चकल्या, लाडू दाबून भरतात. अमेरिकेतल्या बायकांनीही १८६१ साली आधी हेच केले: आपल्या गावच्या पलटणीच्या नावाने खोकी भरली. पण सगळे एकाच खोक्यात. वाटेत मुरंब्याची बरणी फुटायची आणि खालचे सदरे, पुस्तके, केक सगळ्यांचा लगदा व्हायचा.

उत्साहाच्या भरात काय पाठवले गेले, याचा मासला म्हणजे ‘हॅवलॉक’, टोपीवरून मानेवर रुळणारे पांढरे कापड. १८५७ च्या जुलैत कानपूरवर चालून गेलेल्या जनरल हेन्री हॅवलॉकचे नाव त्याला पडले होते. हिंदुस्थानच्या उन्हासाठीचे हे फडके अमेरिकन बायकांनी हजारोंनी शिवून पाठवले. शिपायांना त्यात उकडायचे. त्यांनी त्यातून कॉफी गाळली, बंदुका पुसल्या. जखमेत भरण्यासाठी जुने लिननचे कापड खरवडून घरोघर काढलेला लिंट तर घातकच होता, कारण जंतूंमुळे जखम चिघळते ही कल्पना तेव्हा रुजली नव्हती. आजही आपल्याकडे वेगळे घडत नाही. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे भाकरी, पाणी, औषधे आली तशी वापरलेल्या कपड्यांची गाठोडीही आली, आणि त्यांचे ढीग पडून राहिले. द्यायची इच्छा असणे सोपे. काय हवे ते कळणे, निवडणे आणि वेळेत पोचवणे हे खरे काम. अमेरिकन स्त्रियांनी नाव कमावले ते इथे.

एप्रिल १८६१ मध्ये डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांची मध्यवर्ती मदत संघटना उभी राहिली. तिच्यातूनच जूनमध्ये उत्तरेच्या सैनिकांचे आरोग्य व मदत पाहणारे सरकारमान्य ‘सॅनिटरी कमिशन’ निघाले. कमिशनचे वरचे पदाधिकारी पुरुष. माल जमवणे, निवडणे, शिक्के मारणे, पत्रव्यवहार हा भार मात्र शाखांमधल्या बायकांवर. खोक्यात एकाच प्रकारची वस्तू भरा आणि ती ‘आमच्या गावच्या पोरासाठी’ न धाडता सामाईक कोठारात द्या, हे गावोगावच्या मंडळ्यांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते.

त्याचे फळ १८६३ मध्ये दिसले. दक्षिणेच्या ताब्यातले व्हिक्सबर्ग शहर घेऊ पाहणाऱ्या उत्तरेच्या सैन्यात स्कर्व्ही (ताज्या भाज्या-फळांअभावी होणारा रोग) पसरू लागली, तेव्हा कमिशनच्या शिकागो शाखेने कांदे-बटाट्यांची हाक दिली. मेरी लिव्हरमोर आणि जेन होग यांनी खेड्यापाड्यांतून पोती गोळा करवली; कच्च्या बटाट्याच्या फोडी व्हिनेगरमध्ये घालूनही खायला दिल्या गेल्या.

त्याच वर्षी या दोघींनी मदतनिधीसाठी शिकागोत मोठी जत्रा भरवली. लिंकन यांनी गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याची हस्तलिखित प्रत दिली. ती ३,००० डॉलरना गेली. जत्रेसाठी मंडप बांधायचा करार मात्र या बायकांच्या सहीने होईना: विवाहित स्त्रीची सही कायद्याने चालत नाही, नवऱ्यांच्या सह्या आणा, असे बांधकामवाल्याने सांगितले. लिव्हरमोर पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडल्या, त्यात हा अनुभव कामी आला असणार. १८६४ च्या न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील जत्रांनी प्रत्येकी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली.

शुश्रूषेच्या बाजूला शिस्त कडक होती. परिचारिकांच्या प्रमुख डोरोथिया डिक्स यांना उमेदवार पस्तिशी ओलांडलेली, दिसायला साधी, दागिने न घालणारी हवी असे. पगार दिवसाला ४० सेंट. क्लारा बार्टन या चौकटीबाहेर राहून स्वतःच सामान घेऊन रणांगणावर गेल्या. अँटिएटमच्या लढाईत (१७ सप्टेंबर १८६२) त्या एका जखमीला पाणी देत असताना त्यांच्या बाहीतून गेलेल्या गोळीने तो जागीच ठार झाला. युद्धानंतर त्यांनी बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी कचेरी चालवली आणि १८८१ मध्ये अमेरिकन रेडक्रॉस स्थापली.

दक्षिणेत सॅली टॉम्पकिन्स यांच्या रिचमंडमधल्या रुग्णालयात १,३३३ रुग्णांपैकी ७३ दगावले. त्या काळी हे प्रमाण फार कमी होते. गुलामगिरीतून आलेल्या सूझी किंग टेलर यांनी कृष्णवर्णीय पलटणीत धुणे, शुश्रूषा आणि सैनिकांना लिहायला-वाचायला शिकवणे, तिन्ही केले, तेही पगाराशिवाय.

१८९२ च्या कायद्याने लष्करी परिचारिकांना महिना १२ डॉलर निवृत्तिवेतन मिळाले. त्यासाठी सहा महिन्यांची सेवा सिद्ध करावी लागे. घरी बसून शिवणाऱ्या-विणणाऱ्या आणि खोकी निवडणाऱ्या बायकांचा त्यात समावेश नव्हता.