राष्ट्रकुल निबंध स्पर्धा आणि लंडनचा अभ्यासदौरा : पात्रता, कागदपत्रं, अर्ज

लंडनची रॉयल कॉमनवेल्थ सोसायटी १८८३ पासून शाळकरी मुलांसाठी निबंध स्पर्धा घेते. सध्या तिचं नाव ‘क्वीन्स कॉमनवेल्थ एसे कॉम्पिटिशन’ असं आहे. शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय लेखन स्पर्धांमध्ये ही सगळ्यांत जुनी मानली जाते. स्पर्धेत दोन गट असतात आणि प्रत्येक गटातून एक विजेता व एक उपविजेता निवडतात. या चौघांना साधारण आठवडाभराच्या अभ्यासदौऱ्यासाठी लंडनला बोलावलं जातं. तिथे शैक्षणिक आणि सांस्कृतिक कार्यक्रम होतात, शेवटी पारितोषिक समारंभ असतो. २०२२ साली हा समारंभ बकिंगहॅम पॅलेसमध्ये झाला. त्या चौघांत भारतातली १३ वर्षांची एक मुलगी होती.

दरवर्षी अनेक पालक आणि शिक्षक या स्पर्धेची चौकशी करतात, आणि बहुतेक प्रश्न निबंध कसा लिहायचा याबद्दलच असतात. पण मुलांचं नुकसान जास्त होतं ते कागदांमुळे. चुकलेला गट, दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेलं नाव, वेळेत न काढलेला पासपोर्ट, ही कारणं नेहमीची. म्हणून इथे कागदांबद्दल जरा सविस्तर लिहिलं आहे.

पात्रता

मूल राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचं नागरिक असावं किंवा तिथे राहणारं असावं. राष्ट्रकुलात सध्या ५६ देश आहेत आणि भारत त्यांपैकी एक, त्यामुळे आपल्या मुलांची नागरिकत्वाची अट आपोआप पूर्ण होते. शाळा सरकारी की खासगी, मराठी माध्यमाची की इंग्रजी, कुठल्या बोर्डाची, याला महत्त्व नाही. गुणांची अटही नाही. चाळीस टक्के मिळवणारं मूलही भाग घेऊ शकतं आणि नव्वद टक्के मिळवणारंही.

वयाची अट मात्र नीट समजून घ्या. १४ वर्षांखालची मुलं कनिष्ठ गटात, १४ ते १८ वयाची ज्येष्ठ गटात. हे वय प्रवेशिकेच्या शेवटच्या तारखेला धरतात. मूल कितवीत आहे यावरून गट ठरत नाही. त्यामुळे आठवीच्या एकाच वर्गातली दोन मुलं दोन वेगळ्या गटांत जाऊ शकतात. शाळेतून एकगठ्ठा प्रवेशिका पाठवणाऱ्या शिक्षकांनी हे आधी तपासावं. ‘आठवीपर्यंत कनिष्ठ’ असं ठरवून यादी केली की शेवटच्या तारखेआधीच चौदा पूर्ण केलेली मुलं हमखास चुकीच्या गटात पडतात. गट चुकला की विषयही चुकतो, कारण दोन्ही गटांचे विषय वेगळे असतात. जन्मतारीख वर्गाच्या हजेरीवरून घेऊ नका, जन्मदाखला समोर ठेवून भरा.

निबंधाची मर्यादा आणि भाषा

कनिष्ठ गटासाठी जास्तीत जास्त ७५० शब्द, ज्येष्ठ गटासाठी १,५००. त्या वर्षीच्या सूत्रावर आधारलेले काही विषय दिलेले असतात, त्यांपैकी एक निवडायचा. स्पर्धेच्या नावात निबंध असला तरी पत्र, कथा, कविता किंवा संवाद अशा रूपातही उत्तर देता येतं. ज्या मुलांना ‘प्रस्तावना, मुद्दे, समारोप’ या चौकटीत गुदमरायला होतं, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

लिहायचं इंग्रजीतच. मराठी माध्यमाची मुलं इथेच मागे सरतात आणि ते बघून फार वाईट वाटतं, कारण सांगण्यासारखं त्यांच्याकडे बरंच असतं. २०२२ च्या चौघांतल्या त्या भारतीय मुलीचं लेखन आसाममधल्या मोलाई जंगलावर होतं. ब्रह्मपुत्रेच्या वाळवंटी बेटावर जादव पायेंग यांनी १९७९ पासून एकेक रोप लावत ५५० हेक्टरांच्या आसपास जंगल उभं केलं, २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विषय आपल्याच देशातला, माणूसही आपल्यातलाच. मुलाला आधी मराठीत बोलू द्या, मराठीतच टिपणं काढू द्या, मग त्याच्या स्वतःच्या इंग्रजीत लिहू द्या. साधी वाक्यं चालतात. शब्दकोश उपसून घातलेले जड शब्द मुलाचे नसतात, आणि वाचणाऱ्याला ते दुसऱ्याच ओळीत कळतं.

मजकूर स्वतःचा हवा, नक्कल सापडली तर प्रवेशिका बाद होते. शिक्षकांनी किंवा ताईने शुद्धलेखन दाखवून दिलं तर हरकत नाही, परिच्छेद लिहून दिला तर आहे. एआयकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून पाठवणं हीसुद्धा नक्कलच, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा.

अर्ज

प्रवेशिका रॉयल कॉमनवेल्थ सोसायटीच्या अधिकृत संकेतस्थळावर ऑनलाईन भरायची. विद्यार्थी किंवा पालक स्वतः भरू शकतात, शाळाही आपल्या मुलांच्या प्रवेशिका एकत्र पाठवू शकते. विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, देश, शाळा, ईमेल, गट आणि निवडलेला विषय अशी माहिती द्यावी लागते, मग निबंध जोडायचा. मुलाने पालकांमार्फत स्वतंत्र अर्ज केला असेल तर तसं शाळेला कळवा, म्हणजे तोच निबंध दुसऱ्यांदा जाणार नाही.

ईमेल कुणाचा द्यायचा हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो किरकोळ नाही. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच पत्त्यावर होतो. सायबर कॅफेवाल्याचा किंवा शाळेच्या ऑफिसचा, कुणी रोज न उघडणारा पत्ता दिला तर निवड झाल्याची मेल तशीच पडून राहते. घरातलं कुणीतरी रोज बघतं तोच पत्ता द्या.

प्रवेश विनामूल्य आहे. कुणी नोंदणी फी, प्रमाणपत्राची फी किंवा ‘लंडनची सीट पक्की करण्यासाठी’ पैसे मागत असेल तर ती ही स्पर्धा नव्हे. निबंधाच्या नावाखाली सगळ्याच मुलांची ‘निवड’ करायची आणि मग पालकांकडून सहलीचे पैसे घ्यायचे, असे प्रकार चालतात. खऱ्या स्पर्धेत दौरा चौघांनाच मिळतो, बाकीच्यांना सुवर्ण, रौप्य, कांस्य किंवा सहभागाचं प्रमाणपत्र. एखाद्या शाळेतल्या चाळीस मुलांची एकदम निवड झाल्याचं पत्र आलं, तर पैसे भरण्याआधी तेवढं एक आठवा.

मुदतीबद्दल सांगायचं तर पूर्वी जूनअखेरपर्यंत वेळ मिळायचा, हल्ली शेवटची तारीख त्याच्या आधीच येते. २०२४ मध्ये ती १५ मे होती. ‘परीक्षा संपू दे, मग सुट्टीत लिहील’ असं म्हणणाऱ्या घरांत वेळ हातातून निसटतो तो इथेच. त्या वर्षीची तारीख संकेतस्थळावर पाहून कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि निबंध परीक्षेच्या आधीच निदान कच्चा तरी तयार ठेवा. शेवटच्या रात्री हजारो मुलांबरोबर एकाच वेळी फाईल चढवायची वेळ येऊ नये.

नाव एकच ठेवा

आपल्याकडे गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं नाव छापतात. आधारवर क्रम उलटा असतो. जन्मदाखल्यावर कधी नुसतं मुलाचं नाव असतं, आडनावाचा पत्ता नसतो. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये तर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीच्या नावाचा वेगळा. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. ऋतुजा हे नाव एका कागदावर आर-यू असं सुरू होतं, दुसऱ्यावर मध्येच एच घुसतो, तिसऱ्यावर शेवटी एक ए जास्त. परदेशातल्या अधिकाऱ्याला या तीन मुली वाटतात.

म्हणून प्रवेशिका भरण्याआधी मुलाचा पासपोर्ट असेल तर त्यावर जसं आहे तसंच नाव भरा, अक्षरही बदलू नका. पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद शेजारी ठेवून तपासा. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. जन्मदाखल्याची दुरुस्ती ग्रामपंचायत किंवा नगरपालिका-महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात होते, आधारची आधार केंद्रावर. दोन्हीला वेळ लागतो.

पासपोर्ट

निकाल लागल्यावर पासपोर्ट काढू, हा विचार सोडून द्या. निकाल आणि प्रवास यांच्यात फार दिवस नसतात आणि व्हिसा त्यातच बसवायचा असतो.

अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर भरून अपॉइंटमेंट घ्यायची आणि ठरल्या दिवशी मुलाला घेऊन पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा पोस्टातल्या केंद्रात जायचं. जन्मतारखेचा पुरावा, पालकांच्या नावावरचा पत्त्याचा पुरावा, पालकांचे पासपोर्ट असल्यास ते मूळ प्रतींसह, आणि ‘परिशिष्ट ड’ म्हणजे दोन्ही पालकांच्या सहीचं संमतीपत्र, एवढं जवळ ठेवा. आई-वडिलांपैकी एकाचीच संमती मिळणार असेल तर ‘परिशिष्ट क’ लागतं. ही परिशिष्टं साध्या कागदावर चालतात. स्टॅम्प पेपर, नोटरी यांची गरज नाही, बाहेर कुणी पैसे मागितले तरी देऊ नका.

अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा मूल अठराचं होईपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवरच चालतो. फी १,००० रुपये. मूल १५ ते १८ मधलं असेल तर १,५०० रुपये भरून दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. सतरा वर्षांच्या मुलाला हजार रुपयांचा पासपोर्ट वर्षभरातच बदलावा लागेल, तेव्हा वरचे पाचशे भरलेले बरे. तत्काळसाठी २,००० रुपये जास्तीचे.

मूल लहान असेल तर सोबत कोण जाणार हेही आधीच ठरवा. तो पालक आई असो की बाबा, त्यांचाही पासपोर्ट वैध हवा. सोबतच्या पालकाचा खर्च कोण करणार, हे त्या वर्षीच्या नियमांत वाचून घ्या.

ब्रिटनचा व्हिसा

चौघांत नाव आलं तर आयोजक संस्थेचं आमंत्रणपत्र मिळतं. त्यावर ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसासाठी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. प्रवासाच्या तारखेच्या फार तर तीन महिने आधी अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरावेत. बोटांचे ठसे आणि फोटो व्हिसा केंद्रात जाऊन द्यावे लागतात.

मुलाच्या अर्जासोबत आमंत्रणपत्र, जन्मदाखला, पालकांचं ओळखपत्र आणि प्रवासाला संमती देणारं सही केलेलं पत्र लागतं. त्या पत्रात मूल कुणाबरोबर जाणार, कुठे राहणार, कधी परतणार हे स्वच्छ लिहा. शाळेचं बोनाफाईड आणि रजा मंजूर केल्याचं पत्र जोडलं तर मूल परत शाळेत येणार आहे हे दिसतं. नुसता मराठीत असलेला कागद चालत नाही, त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो. जन्मदाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असेल तर हे काम वाचतं, तेव्हा नवी प्रत काढताना तशीच मागा.

मूल मोठ्या माणसाबरोबर जाणार असं अर्जात लिहिलं की त्या व्यक्तीचा पासपोर्ट क्रमांक मुलाच्या व्हिसात नोंदवतात. ऐनवेळी आईऐवजी मामा निघाले तर मुलाला विमानतळावर अडवू शकतात. सोबत जाणारी व्यक्ती बदलायची असेल तर ती अर्ज भरण्याआधीच बदला.

अठरा ओलांडलेल्यांसाठी

कॉलेजातल्या मुलांसाठी जपानच्या गोई पीस फाउंडेशनची आंतरराष्ट्रीय निबंध स्पर्धा आहे. १४ वर्षांपर्यंतचा एक गट आणि १५ ते २५ वयाचा दुसरा. इंग्रजीत ७०० शब्दांची मर्यादा, इंग्रजीखेरीज फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन आणि जपानी या भाषाही चालतात. निबंध एकट्याने लिहिलेला आणि आधी कुठे न छापलेला हवा. पहिल्या क्रमांकाला १,००,००० येन आणि तोक्योतल्या समारंभाचं आमंत्रण मिळतं. निबंधासोबत नाव, पत्ता, नागरिकत्व, वय, शाळा किंवा कॉलेज, निबंधाचं शीर्षक आणि शब्दसंख्या ही माहितीही द्यावी लागते. वर नावाबद्दल आणि पासपोर्टबद्दल सांगितलेलं सगळं इथेही लागू आहे, फक्त व्हिसा जपानचा.