एटीएम कार्डाएवढा उतार

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर फुगे फोडताना गुरुत्वाकर्षण कुणाच्या डोक्यातही येत नाही. फुगा चार पावलांवर. छर्ऱ्याला खाली पडायला वेळच मिळत नाही. (तरीही फुगा हुकायचा, तो बंदूक वाकडी म्हणून, असं आम्ही पोरं शपथेवर सांगायचो.)

हजार मीटरवर मात्र हे चालत नाही. .३०८ रायफलच्या गोळीला तिथवर जायला पावणेदोन सेकंदांच्या आसपास लागतात आणि तेवढ्यात ती चांगली चार मजले खाली येते. म्हणजे नळी तेवढी वर रोखायची, पण रायफलवरच्या दुर्बिणीतली नेम धरायची फुली लक्ष्यावरच हवी. हा कोन मोजायचं माप सोलापूरकराला नवं नाही. दाते पंचांग इथलंच. त्यातल्या अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. एक कला १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर भरते, हजारावर २९.

दुर्बिणीच्या नळीत आणखी एक बारकी नळी असते. वरचा नॉब फिरवला की ती सरकते, फुलीही सरकते. समजा, एकूण फिरकी ६० कलांची आहे. दुर्बीण रायफलच्या पाठीवरच्या पट्टीवर बसते. ती पट्टी सरळ असली तर त्यातल्या जेमतेम ३० वरच्या बाजूला मिळतात. १०० मीटरला जुळवलेली रायफल हजारावर न्यायला ४० च्या आसपास लागतात. नॉब मध्येच अडतो.

उपाय साधा आहे: पट्टीच उतरती घ्यायची, मागून उंच, पुढून खाली. २० कलांचा उतार १४ सेंटिमीटरच्या पट्टीवर ०.८ मिलिमीटर होतो. मागच्या टोकाखाली एटीएम कार्ड सरकवावं, एवढाच! हजार मीटरवर त्याचे ५.८ मीटर होतात. आता वर ५० कला, खाली १० उरल्या. हाव धरून ४० कलांची पट्टी लावली, तर हीच दुर्बीण १०० मीटरला जुळणारच नाही. पट्टी उलटी बसवली तर आहे तेही जातं, आणि ही चूक अगदी नेहमीची.

पट्टीपेक्षा मला फुलीची भीती जास्त वाटते. ती एक अंश कलली, तर हजार मीटरवर गोळी २० सेंटिमीटर बाजूला जाते. त्यावर गवंड्याचा ओळंबा कामी येतो. रायफल लेव्हलवर धरायची, समोर भिंतीवर दोरा सोडायचा, फुलीची उभी रेघ दोऱ्यावर येईपर्यंत दुर्बीण तिला पट्टीवर धरणाऱ्या कड्यांत हळूच फिरवायची. मग कड्यांचे स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे. एकच बाजू आवळत गेलं की रेघ डोळ्यादेखत दोऱ्यावरून सरकते. पुन्हा सगळं ढिलं करा.